उन्हाळ्यात गवताला पिवळे होऊ द्या

जयपूर शहराच्या उत्तरेस नाहरगडाची डोंगररांग आहे आणि तिच्या आसमंतात शास्त्री नगर ही मोठी मध्यमवर्गीय वस्ती पसरलेली आहे. मे महिन्याच्या मध्यावर, डोंगरावरील धोक नावाची झाडे पर्णहीन होऊन उभी असताना, पारा चाळिसाच्या पुढे जाऊन तेथेच मुक्काम ठोकून बसला असताना आणि पश्चिमेकडून येणारी लू दुपारी माणसाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसताना, अशा वस्तीतील एखाद्या उद्यानात किंवा बंगल्याच्या आवारात श्रावणात शोभावी अशी लुसलुशीत हिरवळ दृष्टीस पडली, तर पाहणाऱ्याने तिचे कौतुक करण्यापूर्वी तिच्या पाण्याचा हिशेब विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ही हिरवळ थंड मुलखातून आणलेल्या बियाण्याची असेल, तर तो हिशेब दुपटीने कठोरपणे विचारावा. कारण त्या गवताला उन्हाळ्यात हिरवे राहण्याची मुळात इच्छाच नसते, आणि आपण मात्र रबरी नळी, युरियाची गोणी आणि कापणीचे यंत्र यांच्या जोरावर त्याच्याकडून ती वेठबिगार करून घेत असतो.

गवतांच्या विशाल कुळात दोन प्रकृती आहेत. केंटकी ब्लूग्रास, राय गवत, फेस्क्यू, बेंटग्रास ही युरोप-अमेरिकेच्या मैदानांची शोभा असलेली गवते शीत प्रकृतीची होत. त्यांची पाने १५ ते २४ अंश सेल्सिअसच्या हवेत उत्तम वाढतात, आणि मुळांना तर त्याहूनही थंड, १० ते १८ अंशांची माती मानवते. विंबल्डनची जी हिरवळ आपण दूरचित्रवाणीवर डोळे भरून पाहतो, ती २००१ पासून निव्वळ राय गवताची आहे. उलट आपली हरळी, जिला जयपुरात दूब म्हणतात आणि पूजेच्या ताटात ठेवताना आपण दूर्वा म्हणतो, ती उष्ण प्रकृतीची. २७ ते ३५ अंशांत तिला खरा उत्साह येतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात ती फिकी पडून स्वस्थ बसते. उत्तर हिंदुस्थानातील क्रीडांगणांवर व श्रीमंत आवारांत ऑक्टोबरच्या सुमारास दुबेवर राय गवत पेरण्याचा जो प्रघात आहे, त्याचे मूळ दुबेच्या या हिवाळी निद्रेत आहे. हा प्रघात मला गैर वाटत नाही. हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा होळीनंतर आपल्या वाटेने गेला, तर कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार सुरू होते ती त्याला ज्येष्ठापर्यंत बळेच ठेवून घेण्याच्या हट्टापासून.

उष्णतेने या शीत प्रकृतीच्या गवताचे नेमके काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. पानाच्या पेशीत रुबिस्को नावाचे एक विकर असते, आणि हवेतील कर्बवायू पकडून त्यापासून साखर घडविण्याच्या कामाचा आरंभ त्याच्या हातून होतो. या विकराचा एक जन्मजात दोष असा, की कर्बवायूऐवजी कित्येकदा ते प्राणवायूच पकडते, आणि मग झालेली चूक निस्तरण्यात वनस्पतीची कमावलेली शक्ती फुकट जाते. हवा थंड असेपर्यंत या चुका सोसण्याजोग्या असतात. परंतु तपमान वाढू लागले, की कर्बवायूची पाण्यातील विद्राव्यता प्राणवायूपेक्षा अधिक वेगाने घटते, विकराची निवडही ढिली पडते आणि चुकांचे प्रमाण वाढत जाते. त्यातच या रुबिस्कोला कार्यप्रवण ठेवणारे दुसरे एक सहायक प्रथिन आहे, ते तर उष्णतेपुढे फारच लवकर नांगी टाकते. इकडे श्वसन मात्र थांबत नाही. ते तपमानाबरोबर वाढतच जाते, आणि रात्रही उकाड्याची असेल तर अंधारातही वाढते. जमेची बाजू आटत आहे आणि खर्चाची फुगत आहे, अशा अवस्थेत खोडात व मुळांत साठविलेली कर्बोदके, म्हणजे गवताची शिल्लक, हळूहळू संपुष्टात येते. म्हणूनच दुपारच्या उन्हापेक्षा उकाड्याच्या रात्री या गवताला अधिक घातक ठरतात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानापोटीच आपल्याकडील पुष्कळसे पाणी वाया जाते. गवत वरून करपताना दिसते, परंतु त्याचा नाश बहुधा खालून सुरू होतो. अमेरिकेतील बिंगरू हुआंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंटग्रासवर दीर्घकाळ केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले, की हवा तापलेली असूनही माती थंड ठेवली तर गवत बरेच तग धरते. पण हवा थंड ठेवून माती तापविली तर पाने पिवळी पडतात. पानांना तरुण ठेवणारी सायटोकायनिन नावाची संप्रेरके मुळांत तयार होतात, आणि मुळे थकली की हा पुरवठा तुटतो, असे त्याचे कारण. आता या ज्ञानाच्या प्रकाशात आपल्या उद्यानांचा शिरस्ता पाहा. गवत पिवळे दिसले, की माळ्याला हुकूम सुटतो: पाणी वाढवा. तो बिचारा सकाळ-संध्याकाळ जमीन तुडुंब भिजवतो. चिंब मातीत हवा खेळत नाही, तापलेल्या मुळांना प्राणवायूची गरज सर्वांत अधिक असते नेमकी तेव्हा ती गुदमरतात, आणि उबदार ओलाव्यात वाढणारी बुरशी एका रात्रीत मोठाले चट्टे पाडून जाते. मग युरियाची मात्रा दिली जाते. त्यामुळे वर कोवळी पाने फुटतात खरी, परंतु ती मुळांच्या उरल्यासुरल्या शिलकेवर फुटतात. शेवटी टापटीप म्हणून गवत जमिनीलगत कापतात, म्हणजे अन्न करणारी पाने कमी होतात आणि मातीवरची सावलीही जाते. तिन्ही उपाय सद्हेतूने योजलेले, आणि तिन्ही गवताच्या मुळावर येणारे.

असे असले तरी ही गवते अगदीच असहाय आहेत असे समजू नये. एकाएकी तपमान वाढताच त्यांच्या पेशी एक विशिष्ट जातीची प्रथिने झपाट्याने घडवू लागतात, आणि ही प्रथिने इतर प्रथिनांची विस्कटणारी घडी सावरून धरतात. या संरक्षक व्यवस्थेचा पहिला सुगावा लागला तो फळमाशीच्या पेशींत. १९६२ साली फेरूचिओ रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने तो प्रसिद्ध केला, आणि तो त्याला लागण्याचे निमित्त झाले ते उबवणीपेटीचे तपमान चुकून वाढल्याचे. पेशींची पटले उष्णतेने पातळ होऊन गळू लागतात, तेव्हा त्यांतील स्निग्धाम्लांची घडण बदलून ती पुन्हा घट्ट करणे हा दुसरा उपाय. पाने पाणी उडवून स्वतःला थंड करतात हा तिसरा, आणि जयपूरच्या कोरड्या हवेत तो मुंबईच्या दमट हवेपेक्षा कितीतरी प्रभावी ठरतो. फक्त त्याची किंमत पाण्याच्या रूपाने रोखीने मोजावी लागते. उंच फेस्क्यूची मुळे इतरांपेक्षा खोल जातात, त्यामुळे शीत गवतांत उन्हाळा काढण्यात तो पुढे. १९३१ साली केंटकीतील एका डोंगरउतारावरच्या शेतात फर्गस नावाच्या प्राध्यापकाला सापडलेल्या फेस्क्यूपासून जी जात पुढे अमेरिकेभर पसरली, तिच्या देहात एक बुरशीही वस्तीला असते, आणि गवताच्या काटकपणाचे काही श्रेय त्या बिनभाड्याच्या पाहुणीकडे जाते.

बुरशीचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर करतो. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात उष्ण झऱ्यांच्या काठी, ६५ अंशांपर्यंत तापणाऱ्या मातीत एक गवत उगवते. ते गवत एकटे असेल तर त्या मातीत मरते. त्याच्या अंगात राहणारी बुरशी एकटी असेल तर तीही मरते. दोघे एकत्र आले म्हणजे दोघेही जगतात. येथवर कथा नवलाची असली तरी अपूर्व नव्हे. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखविले, की त्या बुरशीच्या पोटात आणखी एक विषाणू असतो आणि तो काढून टाकला तर गवत व बुरशी यांची सोबत असूनही गवत तगत नाही. ज्या विषाणूचे नाव काढताच आपण नाकाला फडके लावतो, त्याच्या आश्रयाने एक गवत उकळत्या झऱ्याशेजारी संसार करते, हे वाचून मला सृष्टीच्या कारभाराविषयी जे कुतूहल वाटले, ते कोणत्याही राजोद्यानाच्या हिरवळीने आजवर वाटले नाही.

या सर्व उपायांहून जुना आणि स्वस्त असा एक उपाय आहे, आणि तो म्हणजे झोप. केंटकी ब्लूग्राससारखे गवत उन्हाळा असह्य झाला की वाढ थांबवते, पानांचा त्याग करते, हिरवेपणाचा मोह सोडते आणि जमिनीखालच्या खोडांवरील डोळ्यांत आपला जीव आवरून घेऊन बसते. वरून पाहणाऱ्याला ते मेलेले वाटते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा थोडासा ओलावा मिळाला तरी ते डोळे जिवंत राहतात आणि हवा पालटताच पुन्हा फुटतात. राय व बेंटग्रास यांना ही विद्या फारशी अवगत नाही. म्हणून ती गवते उन्हाळ्यात टिकविण्याचा अट्टाहास अधिकच निरर्थक. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या गवताला झोपता येते त्याला झोपू द्यावे, ज्याला येत नाही त्याला वेळेवर निरोप द्यावा, आणि उद्यानातील पिवळ्या रंगाला माळ्याचा अपराध मानण्याची आपली रीत मोडावी.

या अट्टाहासाचा पाण्यातील आकडा मांडून पाहू. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. जयपूरच्या मे महिन्यातील कोरड्या वाऱ्यात हिरवे राहू पाहणारे गवत दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडवते असे धरले, तर हजार चौरस मीटरच्या मध्यम उद्यानाला रोज ७,००० लिटर पाणी लागते. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण घेतले, तर ते बावन्न माणसांचे पाणी झाले. आणि हे पाणी येते कोठून? ज्या रामगढच्या सरोवरात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकांच्या शर्यती झाल्या, ते पुढे कोरडे पडले. आज जयपूरची तहान भागते ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या, बनास नदीवरील बीसलपूरच्या धरणातून. वर्षाकाठी सुमारे साठ सेंटिमीटर पाऊस, तोही बहुतेक तीन महिन्यांत पडणाऱ्या शहराने परक्या नदीचे पाणी एवढ्या लांबून आणून ते परक्या गवतावर उन्हात शिंपडावे, यातील विसंगती दाखविण्यास फार मोठ्या शास्त्राची गरज नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत जयपूरकडे बोट दाखवून हसावे अशी आपली स्थिती नाही. २०१६ च्या एप्रिलचे स्मरण करावे. लातूरकरांसाठी मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली, आणि १२ एप्रिलला पाच लाख लिटर पाणी घेऊन तिची पहिली खेप लातुरास पोहोचली. त्या गाडीचे टाक्यांचे डबे धुऊन-पुसून आले होते ते राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कारखान्यातून. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावेत. मैदानांना सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल असा याचिकाकर्त्यांचा आक्षेप होता. रेसकोर्सच्या क्लबाकडून प्रक्रिया केलेले सांडपाणी घेऊ, अशी तजवीज क्रिकेट मंडळाने सुचविली होती, परंतु ती न्यायालयास पटली नाही. त्यानंतर जे झाले ते अधिक बोलके आहे. मुंबईच्या संघाने आपले सामने हलविण्यासाठी निवड केली ती जयपूरची! ज्या राजस्थानने लातूरच्या पाण्यासाठी डबे धुऊन दिले, त्याच राजस्थानच्या राजधानीत, महाराष्ट्रात दुष्काळामुळे नको म्हटलेले मैदान हिरवे करावे, ही सूचना कोणाच्या तरी मनात गांभीर्याने आली. राजस्थान उच्च न्यायालयातही मग जनहित याचिका दाखल झाली, आणि अखेरीस सामने विशाखापट्टणमला गेले. या प्रकरणात लातूरला एक थेंबही अधिक मिळाला नाही असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु हिरवळ ही पाणी खाणारी वस्तू आहे, ही गोष्ट या देशात न्यायालयाच्या दप्तरी त्या निमित्ताने ठळकपणे नोंदली गेली.

पुन्हा जयपूरच्या त्या वस्तीकडे वळू. शास्त्री नगर हे नाव उच्चारताच लालबहादुर शास्त्रींची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९६५ च्या अन्नटंचाईत देशाला सोमवारची रात्र उपाशी काढण्याचे आवाहन करणाऱ्या या पंतप्रधानांनी दिल्लीतील आपल्या सरकारी निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालविला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आज ती मला आणखी एका अर्थाने महत्त्वाची वाटते. गहू हेही शीत प्रकृतीचेच गवत आहे; जव तसाच. रुबिस्कोच्या ज्या चुकांनी उद्यानातील राय गवत खंगते, त्याच चुका मार्चमध्ये शेतातील गव्हालाही भोवतात, आणि गव्हाला तर झोपेचीही सवड नसते. दाणा भरण्याचा काळ आखडतो, पीक घाईने पिकते आणि दाणा सुरकुततो. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत या देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेतील गव्हाचा उतारा घटला, आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. जयपुरातीलच दुर्गापुऱ्याच्या कृषिसंशोधन केंद्राने 'राज ३७६५' ही उष्णता सोसणारी, उशिराच्या पेरणीलाही चालणारी गव्हाची जात दिली आहे. गवताने उष्णता कशी सोसावी हा प्रश्न सोडविण्यासाठी पैसा, पाणी आणि बुद्धी खर्च करावयाचीच असेल, तर ती दुर्गापुऱ्याच्या शेतावर करावी; बंगल्याच्या फाटकाआतल्या हिरवळीला त्यात वाटा मागण्याचा हक्क नाही.

उष्ण प्रकृतीच्या गवतांनी हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. आपला ऊस, आपली ज्वारी, आपली बाजरी आणि आपली हरळी ही सगळी एका युक्तीवर जगतात: कर्बवायू प्रथम बाहेरच्या पेशींत पकडून तो शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत दाटीने कोंबावयाचा, म्हणजे तेथे बसलेल्या रुबिस्कोला प्राणवायू पकडण्याची संधीच उरत नाही. १९६६ साली हॅच व स्लॅक या दोघांनी ब्रिस्बेन येथे ही युक्ती उलगडली ती उसाच्याच पानात. अनलासुराला गिळल्याने गणपतीच्या पोटात आग पडली आणि चंद्र, कमळ, सर्प असे सारे उपाय थकल्यावर ऋषींनी वाहिलेल्या एकवीस दूर्वांनी ती शमली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुराणकाराला वनस्पतिशास्त्र ठाऊक होते असा दावा करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. पण अग्नीवर उतारा म्हणून त्याने निवडलेले गवत मोठे अचूक होते, हे मान्य केले पाहिजे.

शास्त्री नगरच्या रहिवाशांना उष्ण मुलखातील गवतांच्या या काटकपणाचा दाखला पाहण्यास लांब जावे लागत नाही. तेथून जवळच, नाहरगडाच्या पायथ्याशी, जयपूर विकास प्राधिकरणाने निसर्ग-अभ्यासक प्रदीप क्रिशेन यांच्या कल्पनेतून किशनबाग नावाचे साठाहून अधिक हेक्टरांचे मरुउद्यान उभे केले असून ते डिसेंबर २०२१ मध्ये खुले झाले. वाळूच्या टेकड्या, थरच्या वाळवंटातील झुडपे, आणि सेवण-धामण यांसारखी तेथील गवते ही त्याची संपत्ती. उन्हाळ्यात हे उद्यान हिरवे नसते. ते भुऱ्या, सोनेरी, करड्या रंगांचे असते, पावसाच्या सरींनी ते पालटते, आणि त्या पालटण्यातच त्याची शोभा आहे.

यावर दोन आक्षेप येतील. मुलांनी खेळावे कोठे, हा पहिला; तर हरळी उंच राखून थोडक्या पाण्यावर ठेवली तर ती पायांना पुरते, आणि वाळली तरी मातीला धरून राहते. दुसरा आक्षेप असा, की हिरवळीने वस्ती थंड राहते. राहते, पण तेवढ्याच पाण्यात जगणारा कडुनिंब किंवा त्याहून कमी पाण्यावर जगणारी खेजडी माणसाच्या डोक्यावर सावलीही धरते. हिरवळीवर दुपारी बारा वाजता उभे राहून पाहिल्यास हा फरक कोणाच्याही ध्यानात यावा.

करावयाचे काम लहान आहे आणि ते नगरपालिकांच्या उद्यान खात्यांनी व गृहसंस्थांच्या समित्यांनी ठेक्याच्या कागदावर करावयाचे आहे. उद्यानांच्या देखभालीच्या ठेक्यांत 'हिरवळ बारमाही हिरवी राखणे' अशा अर्थाचे जे कलम घातले जाते, त्याऐवजी एप्रिल ते जून या मुदतीत गवत पिवळे पडल्यास ठेकेदारावर दंड नाही, आठवड्यातून एकाहून अधिक वेळा पाणी नाही, युरिया नाही, आणि कापणी चार बोटांच्या खाली नाही, असे लिहावे. राय गवताचे बियाणे घ्यावयाचे असेल तर ते हिवाळ्यापुरते, आणि मार्चनंतर त्यावर खर्च पडल्यास तो नामंजूर. जयपूर असो, नागपूर असो वा सोलापूर, पुढच्या वर्षीच्या निविदा निघण्यापूर्वी हे कलम बदलता येते.